कारभाऱ्याला विचारा

आमच्या विभागप्रमुखांबरोबर पोहे खायला जाणं हा एक कार्यक्रमच असे. नागपूरला धंतोलीत आमच्या ऑफिसच्या कोपऱ्यावर एक ठेला होता. बाकीची दुनिया तिथे उभी राहून नुसतं "दोन पोहे" म्हणायची. हे म्हणायचे, "पोहे. तर्रीवाले. चणे जास्त. कांदा नको. लिंबू वेगळं. अशा प्लेटांपैकी पहिल्या दोन."

ठेलेवाला हात थांबवून विचारायचा, "साहेब, पोहे खाऊन राहिले का पोरगी पाहून राहिले?"

"पोरगी पाहाले गेलो तवा दोनच प्रश्न विचारले होते," हे गंभीरपणे सांगायचे. "पहिला, स्वयंपाक येते का? तर नाही म्हणाली. दुसरा, मी शिकलो तर चालंल का? तर हो म्हणाली. लगन झालं."

हे खरं होतं. पुढे त्यांच्या बायकोनं, वहिनींनीच मला सांगितलं. आणि स्वयंपाक शेवटपर्यंत तेच करायचे.

मी गणितात एम.एस्सी. करून त्या ऑफिसात लागले तेव्हा ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. कंप्युटर या वस्तूला त्या वेळी माणसांपेक्षा जास्त मान होता. त्याला एसी खोली, आम्हाला कूलर. त्याच्या खोलीत चपला काढून जायचं, मोठ्यानं शिंकायचं नाही. ज्या संस्थांना स्वतःचा कंप्युटर परवडत नसे त्यांची कामं आमचे मालक घेत. कुठल्या मिलचे पगार, कुठल्या कॉलेजचे निकाल, डोळ्यांच्या एका धर्मादाय हॉस्पिटलच्या शिबिरांच्या नोंदी. हे आमच्या प्रोग्रामिंग विभागाचे प्रमुख. विभाग म्हणजे ते, मी आणि भिंतीवरचं पंचांग.

एसी त्यांना सोसत नसे म्हणून मे महिन्यातसुद्धा ते कानटोपी घालून कंप्युटरसमोर बसत. अडचण एवढीच की बाहेर निघताना ती काढायची त्यांना आठवण राहत नसे. भर दुपारी, डांबर चपलेला चिकटत असताना, लोक डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून सावली शोधत असताना, हे कानटोपी घालून शांतपणे रस्ता ओलांडायचे. रिक्षावाले रिक्षा थांबवून पाहत.

ऑफिसात त्यांना 'अटवाले' म्हणत. कारण कोणीही काही मागितलं की ते पहिल्यांदा म्हणायचे, "अट सांगा." टेलिफोनवर हे नाव इतकं रुळलं की काही गिऱ्हाइकांना ते आडनावच वाटलं. त्यांच्या नावानं पत्रं यायची, 'श्री. आठवले साहेब यांस'. त्यांनी कधी दुरुस्ती केली नाही. म्हणाले, "पोचून राहिली ना पत्रं? मग नाव बरोबरच असंल."

या अटींची भानगड सांगायला हवी.

त्या काळी प्रोग्राम लिहिणं म्हणजे फायलीत हात घालणं. रुग्णाचं नाव कितव्या अक्षरापासून सुरू होतं, वय कुठे आहे, हे पाठ करायचं आणि तिथून ते उचलायचं. उद्या कोणी नावाची जागा दोन अक्षरांनी वाढवली की आमचे सगळे प्रोग्राम आंधळे. कामाच्या पहिल्याच आठवड्यात मी असा एक प्रोग्राम लिहून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो वाचला, कानटोपी वर सरकवली आणि विचारलं, "मॅडम, तुमच्या घरी पाहुणा आला आणि सरळ सैपाकघरात जाऊन डबे उघडू लागला, तर चालंल का?"

"नाही."

"मग तुम्ही फायलीचे डबे काहून उघडून राहिल्या? घरच्या माणसाले विचारा ना, साखर कुठं आहे म्हणून."

हा घरचा माणूस म्हणजे त्यांचा 'कारभारी'. प्रत्येक जातीच्या वस्तूला त्यांनी एकेक कारभारी नेमला होता. रुग्णांचा एक, शिबिरांचा एक, औषधांचा एक. कारभारी म्हणजे प्रोग्रामचा एक तुकडाच, पण ते त्याच्याबद्दल बोलायचे असे की जणू तो शेजारच्या खोलीत पान लावत बसलाय. रुग्ण म्हणजे काय हे त्या कारभाऱ्याला ठाऊक असे. त्याला नाव असतं, वय असतं, गाव असतं, कोणत्या डोळ्याचं ऑपरेशन झालं ते असतं. आपण फक्त कारभाऱ्याचं नाव घ्यायचं आणि पुढे अटी जोडत जायच्या. रुग्ण, डावा डोळा, साठीच्या वरचे, वयानं लावलेले, पहिले दहा. फाईल कुठे आहे, कशी आहे, ते त्याचं तो पाहील. आणि परत येताना तो आकड्यांची पट्टी आणायचा नाही, अख्खा रुग्ण आणून उभा करायचा. मग त्या रुग्णालाच विचारता येई, तुझं शिबिर कोणतं, तुला औषध कोणतं दिलं.

कारभाऱ्याचा स्वभावही त्यांनी ठरवला होता. तो प्रश्न ऐकताच पळत सुटायचा नाही. अट जोडली की तो "बरं" म्हणून ऐकून ठेवी. आणखी एक जोडली, तेही ऐकून ठेवी. आपण प्रत्यक्ष उत्तर मागेपर्यंत तो जागचा हलत नसे. "नागपूरच्या उन्हाळ्यातला शहाणा माणूस आहे तो," हे म्हणायचे. "पूर्ण काम समजल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. एकाच चकरेत सगळं घेऊन येते."

फक्त एका बाबतीत कारभारी आडमुठा होता. काही 'काढून टाक' म्हटलं आणि सोबत अट दिली नाही, तर अर्थ होई की सगळेच्या सगळे काढून टाक. असं कोणी केलं की पडद्यावर रोमन अक्षरांत उमटायचं: 'सगळे? खरंच? चहा पिऊन या.' आणि चहाला लागतो तेवढा वेळ पडदा गोठून राहायचा. एकदा मालक स्वतः बसले होते आणि त्यांच्याच समोर हे उमटलं. ते चिडून खोलीबाहेर आले. यांनी त्यांच्यासाठी चहा सांगून ठेवलेलाच होता.

परवा माझी भाची घरी आली होती. मिहानमधल्या एका कंपनीत ती काम करते. तिच्या मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये मी डोकावले. पायथन या प्रोग्रामच्या भाषेत काही लिहीत होती. आधी एका वस्तूचं नाव, मग टिंब, मग अट, मग आणखी एक टिंब आणि आणखी एक अट. "उत्तर मागेपर्यंत हे जागचं हलत नाही ना?" मी विचारलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. "आत्या, तुला कसं माहीत?" म्हटलं, आमच्याकडे होता असा एक कारभारी.

ते राहायचे इंदोऱ्यात. वडील मिलमधून निवृत्त झालेले, सकाळी बुद्धवंदना म्हणून पेपर वाचत बसणारे. यांनी शिष्यवृत्तीवर शिकून इंजिनियरिंग केलं होतं. या गोष्टींबद्दल ते स्वतःहून कधी बोलत नसत. पण त्या हॉस्पिटलचे डॉक्टर पहिल्यांदा काम घेऊन आले तेव्हाचा प्रसंग मला आठवतो. डॉक्टर भला माणूस, घाईत असलेला. त्यांनी रुग्णाच्या नोंदीत काय काय हवं ते कागदावर लिहून आणलं होतं. त्यात एक रकाना जातीचा होता. यांनी त्या शब्दावर पेन्सिल टेकवली.

"याच्यावर कोणता प्रश्न विचारणार आहात, डॉक्टरसाहेब?"

"म्हणजे?"

"ज्या रकान्यावर कधी कोणता प्रश्न विचारायचा नाही, तो मी ठेवत नाही. जागा जाते. तुम्हाला या रकान्यावरून डोळ्याबद्दल काय विचारायचं आहे?"

डॉक्टरांनी कागद स्वतःकडे ओढला. मग त्यांनी स्वतःच्या पेनानं तो शब्द खोडला. "सवयीनं लिहिला हो," ते म्हणाले. हे लगेच पुढच्या रकान्याकडे वळले. "गाव. हा पाहिजे. याच्यावर लई प्रश्न येतील."

आणि ते आले.

हिवाळा संपत आला होता. उमरेडच्या पुढे एका गावी हॉस्पिटलचं मोतीबिंदूचं शिबिर झालं होतं. पट्ट्या सोडून, प्रत्येकाच्या हातात डोळ्यात टाकायच्या थेंबांची बाटली देऊन लोकांना घरी पाठवलं होतं. एका सकाळी डॉक्टर आमच्या ऑफिसात धापा टाकत आले. आदल्या दिवशी दोन रुग्ण लालबुंद डोळे घेऊन परतले होते. दोघांच्याही बाटल्या एकाच पेटीतल्या. पेटीत काहीतरी बिघाड होता. ते थेंब जितके दिवस डोळ्यात पडतील तितका धोका.

"त्या पेटीतली बाटली कोणाकोणाला गेली, मला आत्ता पाहिजे," डॉक्टर म्हणाले. "हातानं शोधत बसलो तर दोन दिवस जातील."

यांनी कारभाऱ्याला विचारलं. रुग्ण, ते शिबिर, ती पेटी. उत्तर पडद्यावर येईपर्यंत डॉक्टरांचा चहा अर्धासुद्धा झाला नव्हता. हॉस्पिटलच्या दोन जीप होत्या. म्हणून यांनी उत्तराचे दोन भाग केले. पहिली यादी, ज्यांचं गाव उमरेड रस्त्यावरचं आहे. दुसरी, ज्यांचं गाव उमरेड रस्त्यावरचं नाही. दोन याद्या छापल्या, डॉक्टर त्या घेऊन धावत गेले, जीप निघाल्या.

मला वाटलं झालं. मी डबा उघडला. हे मात्र पडद्यासमोरून हलेनात. दोन्ही याद्यांतली माणसं त्यांनी मोजली, बेरीज केली, आणि मग कारभाऱ्याला नुसतं विचारलं, ती पेटी एकूण किती जणांना गेली? बेरीज जुळेना.

"मॅडम," ते म्हणाले, "एक माणूस कमी आहे."

"छापताना एखादी ओळ गेली असेल."

"नाही गेली. एक माणूस दोन्ही यादीत नाही."

त्यांनी कानटोपी काढून टेबलावर ठेवली. मी त्यांना ऑफिसात टोपीशिवाय पहिल्यांदाच पाहत होते. "हे कसं होईल?" मी म्हटलं. "गाव एकतर रस्त्यावरचं असेल, नाहीतर नसेल."

"गावच नसंल तर?"

आणि तसंच होतं. त्यांनी नवी अट घातली, गाव रिकामं, आणि पडद्यावर एकच बाई उभी राहिली. नाव सगुणाबाई. वय साठ. डावा डोळा. गावाच्या जागी काहीच नाही. गाव उमरेड रस्त्यावरचं आहे का, तर माहीत नाही. नाही का, तर तेही माहीत नाही. दोन्ही प्रश्नांना कारभारी गप्प बसला होता आणि बाई दोन्हींमधून सुटली होती.

"त्याले मीच असं शिकवलं," ते म्हणाले. आवाज एकदम खाली गेला होता. "रिकामं असलं तर गप्प बस म्हणून."

ते पुन्हा पडद्याकडे वळले. जिचं गाव नाही तिला शोधायची अट कोणती? थोड्या वेळानं त्यांनी विचारलं ते असं: त्या शिबिरात नोंद झाल्याच्या क्रमानं, हिच्या आधीचा रुग्ण कोण? हिच्या नंतरचा कोण? दोघंही एकाच गावचे निघाले. "रांगेत माणूस आपल्या ओळखीच्याजवळ उभा राहते," ते म्हणाले. "चला."

जीप तर गेलेल्या. यांनी मालकांकडे त्यांची ॲम्बेसेडर मागितली. पांढऱ्याशुभ्र कव्हरांची ती गाडी मालक स्वतःच्या भावालाही देत नसत. काय झालं ते ऐकून त्यांनी एक शब्द न बोलता ड्रायव्हरला हाक मारली.

त्या गावी पोचलो तर रांगेतला आधीचा रुग्ण, एक म्हातारबुवा, उन्हासाठी दिलेलं हिरवं फडकं डोळ्यावर घेऊन ओसरीत बसलेला. त्याची बाटली दुसऱ्या पेटीतली होती. "सगुणा?" तो म्हणाला. "ते आमच्या गावची नोहे जी. आम्ही टेम्पोत चाललो होतो, ते रस्त्यात हात दाखवून बसली. वीटभट्टीपाशी."

"कोणत्या?"

"जिथं धूर दिसंल तिथं पाहा."

परतीच्या रस्त्यावर आम्ही धूर पाहत निघालो. पहिल्या भट्टीवर नव्हती. दुसऱ्या भट्टीवर, रचलेल्या विटांच्या आडोशाला मजुरांची पालं होती. हे गाडीतून उतरून, तिथूनच ओरडले, "सगुणाबाई कोण आहे?" त्यांचा आवाज ऑफिसच्या खोलीतही मावत नसे; उघड्या रानात तर तो भट्टीच्या पलीकडे जाऊन परत आला.

शेवटच्या पालातून उत्तर आलं, "मी हावो गा. काहून बोंबलून राह्यला?"

ती आत पडून होती. लुगड्याचा पदर डोळ्यावर दाबून धरलेला. उशाला बाटली. शेजारी एक काळी बकरी. मी वाकून पदर बाजूला केला. डोळा सुजून लाल झाला होता.

"केव्हापासून दुखतोय, आजी?"

"काल सांजपासून. मनलं नजर येऊन राह्यली असंल. येतानी दुखत असंल." ती माझा हात चाचपत म्हणाली, "नाही का वं?"

यांनी बाटली उचलून खिशात टाकली आणि सांगितलं की औषध खराब निघालं, डोळा वाचवायचा तर आत्ताच्या आत्ता नागपूरला चला. म्हातारी उठून बसली, पण पालाबाहेर येईना. बकरीला कोण पाहील? भट्टीवरच्या बायकांना सांगू म्हटलं तर म्हणे, मागच्या वेळी शिबिराला गेले तेव्हा तिला दोन दिवस पाणी पाजलं नव्हतं कोणी.

"आजी, बकरीचं पाहू आपण, तुम्ही आधी—"

"तुमी पाहा. मी नाही येत."

"मग बकरी बी घ्या!" हे गरजले.

ड्रायव्हरचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. पुढच्या सीटवर हे, मागे मी, सगुणाबाई आणि आमच्या दोघींच्या मधे, मालकांच्या पांढऱ्या कव्हरावर, काळी बकरी. म्हातारीला जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. दुसऱ्या डोळ्यातला मोतीबिंदू अजून काढायचा होता. ती बकरीच्या पाठीवर हात ठेवून, पुढून येणाऱ्या आवाजाशी बोलत होती.

"आजी, शिबिरात गाव काहून नाही सांगितलं?" यांनी विचारलं.

"सांगतलं ना. लिवनाऱ्या पोरानं विचारलं, गाव कोन्तं? म्या मनलं, पाऊस लागेपर्यंत हे भट्टी, मंग जिकडं काम निंगंल ते. मायचं गाव धरनात गेलं. सासरी कोनी नाही. यातलं कोन्तं लिवतं? तर तो मने, मंग सांगजो. मंग तो चहाले गेला."

उमरेड नाक्यापर्यंत हे बाहेर एकेका गावाची पाटी वाचत होते.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी तिला तशीच आत नेली. बाकीचे सगळे रुग्ण संध्याकाळपर्यंत जीपवाल्यांना सापडले; बहुतेकांना काही झालं नव्हतं. आधी आलेल्या दोघांपैकी एकाचा डोळा मात्र गेला. सगुणाबाईचा वाचला, पण त्याला बरेच दिवस लागले, आणि मग डॉक्टर म्हणाले, आलीच आहे तर दुसराही करून टाकू.

तेवढे दिवस बकरी इंदोऱ्याला, यांच्या अंगणात. वहिनी पहिल्या दिवशी दारातच उभ्या राहिल्या होत्या. "काहून जी, गंज आणाले इतवारीत जायचं सांगितलं होतं ना? हे काय घेऊन आले?" गंज म्हणजे आमच्याकडे भाजी शिजवायचं भांडं. तो राहिला बाजूला. पण चार दिवसांत बकरी त्यांच्या हातून पोळी खाऊ लागली, आणि सासरे पेपर वाचताना तिला बातम्या सांगू लागले.

ऑफिसात यांनी दुसऱ्याच दिवशी सगळे कारभारी नव्यानं लिहायला घेतले. आता कुठलाही प्रश्न दोन भागांत विचारला की तिसरा भाग आपोआप पुढे यायचा, ज्यांच्याबद्दल काही माहीत नाही त्यांचा. तो भाग रिकामा असला तरी छापला जायचा. मालक कागद वाया जातो म्हणून कुरकुरायचे. हे ऐकायचे आणि छापायचे.

सगुणाबाईला सुटी मिळाली त्या रविवारी मीच तिला हॉस्पिटलमधून रिक्षानं इंदोऱ्याला घेऊन गेले. तिनं काळा चष्मा लावला होता. रस्ताभर ती माझी बाही ओढून विचारत होती, ते काय, ते लाल काय, तो मानूस तिथं चढून काय करून राह्यला. अंगणात शिरताच बकरी ओरडली. म्हातारीनं तिला ओळखली, पोटाशी धरली, तिचे कान उलटेपालटे करून पाहिले. "जाडी झाली," ती म्हणाली. वहिनी कौतुकानं हसल्या.

मग तिनं विचारलं, "तो कुठं हाय, आवाजवाला?"

हे सैपाकघरातून बाहेर आले. हाताला पीठ लागलेलं. म्हातारी त्यांच्या डोक्यावरून पलीकडे पाहत राहिली, मागून आणखी कोणी येतंय का ते. कोणीच आलं नाही. तेव्हा तिनं नजर खाली आणली.

"हाच?"

"हाच," वहिनी म्हणाल्या.

"माय वं!" म्हातारीनं तोंडावर हात ठेवला. "मले वाटलं, भला धिप्पाड गडी असंल. मिशा गिशा असतील. हा तं इवलासाच हाय!"

आम्ही सगळे हसू लागलो. यांचे वडील तर पेपर तोंडासमोर धरून हसत होते. हे मात्र कान लाल करून, पिठाचे हात अंगापासून लांब धरून उभे.

"इकडं ये गा," सगुणाबाई म्हणाली. "सावलीत दिसत नाही. उजेडात ये."

ते पुढे आले. तिनं चष्मा कपाळावर सरकवला, त्यांची हनुवटी दोन बोटांत धरली, आणि चेहरा आधी डावीकडे वळवला, मग उजवीकडे. अगदी सावकाश, एकेक गोष्ट पाहत. उन्हानं त्यांच्या डोळ्यांत पाणी येऊ लागलं होतं. पण तिचं पाहून होईपर्यंत ते तसेच उभे राहिले.